हातपाय सुधारले, पण डोक्याचं काय? स्ट्रोकनंतरच्या मेंदूच्या टेस्टबद्दल घरच्यांसाठी

आमच्या अण्णांना मागच्या वर्षी ऐन श्रावणात स्ट्रोक आला. मेंदूच्या उजव्या बाजूला गुठळी, त्यामुळे डावा हात आणि डावा पाय गेला. एसटीत कंडक्टर म्हणून ३१ वर्षं काढलेला माणूस, कधी बसून राहिलेला नाही. तिसऱ्या आठवड्यात पाय हलायला लागला, दीड महिन्यात काठी घेऊन अंगणापर्यंत जायला लागले, बघायला येणारे सगळे म्हणायला लागले की सुटलात बघा, पांडुरंगाची कृपा. आम्हालाही तसंच वाटलं.

मग ताटाची गोष्ट झाली. आई नेहमीसारखं ताट वाढायची, म्हणजे डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि उजवीकडे भाजी, आमटी. अण्णा भाजी आमटी सगळं चाटून पुसून खायचे पण डावी बाजू जशीच्या तशी. चपातीसुद्धा उजवीकडून तोडत तोडत अर्धी खायची आणि डावीकडचा अर्धा भाग ताटात तसाच, वर "अजून एक वाढ" म्हणायचे. आई म्हणायची यांची चव गेलीय, चटणी नको वाटत असेल. पंधरा दिवस असंच चाललं. एके दिवशी मी खाली सांडलेलं पुसताना ताट उचललं आणि परत ठेवताना ते उलटं फिरलं, तर अण्णा म्हणाले, "आज कोशिंबीर केलीस होय?" आणि सगळी संपवली. मी नुसती बघत राहिले.

चव गेलेली नव्हती, डोळेही नीट होते. त्यांच्या मेंदूसाठी डावी बाजूच शिल्लक नव्हती. ह्याला निग्लेक्ट म्हणतात आणि उजव्या मेंदूच्या स्ट्रोकमध्ये हे बऱ्याच जणांना होतं हे आम्हाला नंतर कळलं. फिजिओवाले पाय बघत होते, डॉक्टर बीपी बघत होते, आम्ही जेवण बघत होतो आणि हे कुणालाच दिसलं नाही. म्हणून हे लिहितेय. डिस्चार्जच्या वेळी आमच्या हातात औषधांची यादी आणि फिजिओची चिठ्ठी मिळाली, डोक्याची टेस्ट (स्कॅन नव्हे, लक्ष, आठवण, विचार तपासणारी प्रश्नोत्तरांची) करून घ्या असं कुणी म्हणालं नाही, आणि मला खात्री आहे की अशी घरं खूप असणार. मी डॉक्टर नाही, पण ह्या वर्षभरात जे विचारून वाचून आणि चुका करून कळलं ते सांगते, तुमच्या पेशंटचं अंतिम तुमच्या न्यूरोवाल्या डॉक्टरांशीच बोला.

टेस्ट कधी करायची

पहिल्या काही दिवसांत पेशंट गोंधळलेला असतो, रात्री बडबडतो, सलाईन ओढतो, मुलीला बहीण समजतो. ते बघून "डोक्यावर परिणाम झाला" असं कुणी म्हणालं तर लगेच हाय खाऊ नका, कारण इन्फेक्शन, सोडियम कमी होणं, झोप मोडणं, आयसीयूतला सततचा उजेड ह्या सगळ्यानेही तसं होतं आणि त्यातलं बरंचसं उतरतं. डॉक्टरांना सांगायचं मात्र नक्की. डिस्चार्जच्या आधी एक छोटी टेस्ट झाली तर चांगलं, ती सुरुवातीची नोंद म्हणून उपयोगी पडते. पण खरी बघण्यासारखी टेस्ट साधारण तीन महिन्यांनी आणि मग परत सहा महिने ते वर्षाच्या आसपास. एकाच टेस्टवरून सुधारणा कळत नाही, दोन टेस्टमधल्या फरकावरून कळते, म्हणून पहिली जितकी नीट झालेली असेल तितकी दुसरी कामाची.

कुणाकडे जायचं? न्यूरोलॉजिस्टच्या ओपीडीत विचारा, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं परत शिकवणारे) ही टेस्ट घेतात, बोलण्याचा प्रॉब्लेम असेल तर स्पीच थेरपिस्ट. तालुक्याच्या गावी हे सगळे मिळत नाहीत, मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलमध्ये बहुतेक मिळतात. वाचेसाठी मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही केंद्र सरकारची संस्था आहे, १९८३ पासूनची.

जायच्या आधी

चष्मा. कानाचं मशीन. कवळी. हे तीन शब्द लिहून फ्रिजवर चिकटवा. आमची पहिली टेस्ट चष्म्याशिवाय झाली असती, मी रिक्षातून परत घरी गेले आणि घेऊन आले. ज्याला ऐकू येत नाही त्याला पाच शब्द लक्षात ठेवा म्हटलं तर तो काय ठेवणार, आणि कागदावर मात्र स्मरणशक्ती कमी असं येणार.

वेळ सकाळची घ्या. स्ट्रोकनंतर जो थकवा येतो तो आपल्या थकव्यासारखा नसतो, दुपारी तीनला तोच माणूस वेगळा असतो. रात्री झोप झालेली पाहिजे, नाश्ता झालेला पाहिजे, शुगरवाल्यांचं तर विशेष बघा. आणि झोपेची किंवा सर्दीची गोळी आदल्या रात्री घेतली असेल तर ते सांगा.

भाषेचं आधीच विचारून ठेवा. टेस्ट पेशंटच्या घरातल्या भाषेतच व्हायला पाहिजे. समोरचा कागद इंग्रजीत आणि मॅडम तोंडी भाषांतर करून विचारतायत असं असेल तर काही प्रश्नांचा अर्थच बदलतो, उदाहरणार्थ एका इंग्रजी अक्षरावरून एका मिनिटात शब्द सांगा हा प्रश्न मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला कसा जमणार. निपाणी बेळगावकडच्या घरांत मराठी कन्नड दोन्ही चालतात, तिथे पेशंट कुठल्या भाषेत विचार करतो ते घरच्यांनीच सांगायचं. ज्यांचे आईवडील मुलाकडे परदेशात आहेत त्यांनी दुभाषी मागून घ्या, मुलाने किंवा सुनेने दुभाषी होऊ नये, आपण नकळत मदत करतो.

शिक्षण किती ते खरं सांगा. लाजून "दहावी" सांगितलं आणि चौथीच झालेली असेल तर स्कोअर चुकीचा वाचला जाणार. अजिबात शाळेत न गेलेल्यांसाठी वेगळ्या टेस्ट आहेत, हिंदीतली एचएमएसई नावाची टेस्ट १९९५ मध्ये खेड्यातल्या निरक्षर वृद्धांसाठी मुद्दाम बनवलेली आहे, सगळीकडे वापरतात त्या मोका ह्या टेस्टचीही मोका-बेसिक नावाची आवृत्ती आहे. आजी शाळेत गेली नाही म्हणून तिला घन आकृती काढायला लावू नका असं सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आणखी एक, हे फार कमी लोक करतात. स्ट्रोकच्या आधी माणूस कसा होता ते लिहून न्या. आधीच विसरभोळे झाले होते का, बँकेचं स्वतः बघायचे का, रस्ता चुकले होते का, तीच गोष्ट परत परत सांगायचे का. डॉक्टरांकडे ह्यासाठी घरच्यांना विचारायची १६ प्रश्नांची यादी असते, दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत आता कसं अशी. आधीपासूनच घसरण चालू होती का स्ट्रोकनेच झालं, ह्याने पुढचा अंदाज बदलतो, म्हणून इथे घरची अब्रू वगैरे मधे आणू नका.

आणि कृपा करून घरी तालीम करून घेऊ नका. इंटरनेटवर ह्या टेस्ट मिळतात, पोरं काळजीपोटी आदल्या दिवशी आजोबांकडून पाठ करून घेतात. मग स्कोअर चांगला येतो आणि मदत मिळायची ती मिळत नाही. दुसऱ्यांदा टेस्ट असेल तर मागच्या वेळचेच शब्द नकोत, वेगळी आवृत्ती वापरा असं सांगा, मोकाच्या अशा एकापेक्षा जास्त आवृत्त्या आहेतच.

आत काय होतं

सगळ्यात जास्त वापरतात ती मोका, मॉन्ट्रियलची, कॅनडातल्या डॉक्टरांनी २००५ मध्ये छापलेली. ३० मार्कांची, दहा पंधरा मिनिटांची. दुसरी एमएमएसई, १९७५ ची, तीही ३० ची, पण ती मुख्यतः विसरण्याच्या आजारासाठी धरली जाते, स्ट्रोकमध्ये जे बिघडतं म्हणजे कामाचं नियोजन, वेग, एका कामावरून दुसऱ्यावर जाणं, ते तिच्यात नीट पकडलं जात नाही. तुमच्या फाईलमध्ये एमएमएसई २८ आणि नॉर्मल लिहिलेलं असेल पण घरी गाडी रुळावर नसेल तर मोका करून द्या म्हणा. खास स्ट्रोकसाठी ऑक्सफर्डची एक टेस्ट आहे, ज्यांचं बोलणं गेलंय किंवा एक बाजू दिसत नाही त्यांनाही ती देता यावी अशी बनवलेली, मिळत असेल तर उत्तम.

अण्णांना टेस्ट घेणाऱ्या मॅडमनी घड्याळ काढायला सांगितलं. गोल छान काढला, कंडक्टरचा हात, अक्षर आजही मोत्यासारखं. वर १२ लिहिलं, मग १, २, ३ करत उजव्या कडेने खाली आले, आणि ७ ते ११ सगळे आकडे परत उजव्याच बाजूला आत आत कोंबले. डावा अर्धा गोल पांढरा स्वच्छ. "झालं का अण्णा?" "झालं की." आणि अगदी निश्चिंतपणे पेन खाली ठेवलं. माझ्या पोटात गोळा आला. पण पुढच्याच मिनिटाला मॅडम म्हणाल्या शंभरातून सात वजा करत जा, तर ९३, ८६, ७९, ७२, ६५ एका दमात, मॅडमनाच थांबवायला लागलं. ३१ वर्षं चालत्या गाडीत सुट्टे पैसे मोजलेत, ते डोक्यात कुठेतरी खोल बसलंय.

प्राण्यांची तीन चित्रं होती, अण्णांनी दोनच सांगितली. कागदाच्या डाव्या कडेचा प्राणी त्यांना दिसलाच नव्हता. मॅडम हुशार, त्यांनी बाजूला टीप लिहिली. नसती लिहिली तर कुणीतरी म्हणालं असतं पेशंटला नावं आठवत नाहीत.

तारीख विचारली तर म्हणाले, "आज वद्य एकादशी." ती बरोबर होती, मी मोबाईलवर बघितलं. इंग्रजी तारीख मात्र चुकली, मार्क गेला. नियम तो नियम, पण मी मॅडमना सांगितलं की आमच्याकडे हे तिथीवरच चालतात आणि त्यांनी तेही लिहून घेतलं. तुम्हीही सांगत जा, फक्त टेस्ट संपल्यावर, मधे नाही. मधे बोललात तर टेस्ट वाया.

स्कोअर कसा वाचायचा

अण्णांना ३० पैकी १९. मोकामध्ये बारावी किंवा त्यापेक्षा कमी शिक्षण असेल तर एक मार्क वाढवून देतात, तो धरून १९. २६ आणि वर नॉर्मल असं कागदावर छापलेलं असतं, त्यामुळे मी तिथेच रडायला लागले. मॅडमनी पाणी दिलं आणि कागद माझ्याकडे वळवून एकेक ओळ दाखवली, ती पाच मिनिटं मला अख्ख्या वर्षात सगळ्यात जास्त उपयोगी पडलीत म्हणून तुम्हालाही तशीच सांगते.

चित्र आणि घड्याळ ५ पैकी १. प्राणी ३ पैकी २. लक्ष आणि आकडे ६ पैकी ५, उलटे आकडे म्हणताना चुकले. भाषा ३ पैकी २. दोन गोष्टींत सारखं काय ते २ पैकी १. पाच शब्द नंतर आठवणे ५ पैकी २. वार तारीख जागा ६ पैकी ५. आता बघा, ह्याच १९ मार्कांचा दुसरा एखादा माणूस असू शकतो ज्याचं घड्याळ सुंदर आहे पण पाचही शब्द पुसले गेलेत आणि आपण कुठे आहोत हेच कळत नाही. दोघांचे मार्क सारखे, घर चालवायचं तंत्र मात्र पूर्ण वेगळं. म्हणून एकूण आकड्यापेक्षा मार्क कुठे गेले ते विचारा आणि त्या कागदाची झेरॉक्स मागून घ्या. बऱ्याच ठिकाणी फाईलमध्ये फक्त "१९/३०" एवढंच लिहून देतात, त्याने काहीच कळत नाही.

शब्दांचंही असंच. आठवले नाहीत म्हणून मार्क गेले, पण मॅडमनी नंतर विचारलं की एक शब्द रंगाचा होता, तेव्हा अण्णांना झटकन आठवला. म्हणजे आत गेलंय, बाहेर काढता येत नाहीये. स्ट्रोकमध्ये हे खूप दिसतं आणि ही तुलनेने चांगली बातमी, कारण मग खुणा, वही, गजर ह्यांचा उपयोग होतो. इशारा देऊनही काहीच येत नसेल तर ते वेगळं, तेही डॉक्टरांना विचारा.

२६ ची रेघ तिकडच्या शिकलेल्या लोकांवर ठरलेली आहे, ती थोडी खाली असायला पाहिजे असं बऱ्याच संशोधकांचं मत आहे. त्यामुळे २३, २४ वर कुणी डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) हा शब्द वापरला तर थांबा. मोका हा चाळणी लावल्यासारखा प्रकार आहे, निदान नाही. नोकरीवर परत जायचं असेल, गाडी चालवायची असेल किंवा कोर्टकचेरीचं काही असेल तर दोन तीन तासांची सविस्तर टेस्ट करून घ्यायची, बंगळुरूच्या निमहान्स ह्या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या संस्थेने त्यासाठी संच बनवलेला आहे, आणि ती एका बैठकीत नको, दोन दिवसांत तोडून करा.

बोलणं गेलं असेल तर

डाव्या मेंदूच्या स्ट्रोकमध्ये बऱ्याचदा वाचा जाते, ह्याला अफेजिया म्हणतात. अशा पेशंटला मोका देऊन ८ मार्क आले असं सांगणं म्हणजे हात मोडलेल्याला लिहायला लावून नापास करणं. त्याला कळतं किती आणि बोलता येतं किती हे वेगवेगळं तपासायला पाहिजे आणि ते स्पीच थेरपिस्टचं काम. माझ्या मैत्रिणीच्या सासूबाईंना "पाणी" म्हणता यायचं नाही पण आरती सुरू झाली की अख्खी म्हणायच्या, पाढेही यायचे. घरच्यांना वाटलं नाटक करतायत. नाटक नाही ते. पाठ झालेलं, चालीतलं बोलणं मेंदूत वेगळ्या वाटेने येतं, आणि स्पीच थेरपीत ह्या चालीचाच धागा पकडून शब्द काढतात. अशा माणसासमोर त्याच्याबद्दल तिसऱ्याशी बोलू नका, त्याला बरंच कळत असतं.

सुधारणा किती धरायची

हा प्रश्न सगळ्यांचा. डॉक्टर नेमकं सांगत नाहीत कारण सांगता येत नाही. पण साधारण चाल अशी असते की पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात वेगाने सुधारतं, मग सहा महिन्यांपर्यंत हळू, आणि त्यानंतर अजून हळू पण थांबत नाही. "सहा महिन्यांनंतर काही होत नाही" हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या लोकांकडून ऐकलं आणि ते खरं नाही, बोलण्यात तर वर्षांनंतरही फरक पडलेले लोक आहेत. दुसऱ्या बाजूला, "पूर्ण पहिल्यासारखे होतील" असं लेखी दिल्यासारखं कुणी सांगत असेल तर त्याच्याकडेही पैसे भरू नका.

अंदाज कशावर? स्ट्रोक केवढा आणि कुठे, वय, आधीचं डोकं कसं होतं, एमआरआयमध्ये जुन्या छोट्या छोट्या न कळलेल्या स्ट्रोकच्या खुणा आहेत का (ह्या खूप निघतात, विशेषतः बीपी वर्षानुवर्षं वर असलेल्यांच्यात), पहिल्या महिन्यात किती फरक पडला, आणि मन कसं आहे. निग्लेक्ट बऱ्याच जणांचं पहिल्या तीन महिन्यांत कमी होतं, ज्यांचं राहतं त्यांचं चालणं आणि स्वतःचं स्वतः करणंही मागे पडतं, म्हणून ते लवकर ओळखणं एवढं महत्त्वाचं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, दुसरा स्ट्रोक. २००९ च्या एका मोठ्या पाहणीत जगभरचे अभ्यास एकत्र करून बघितले तर पहिल्या स्ट्रोकनंतर दहातल्या एकाला नव्याने डिमेन्शिया झाला, आणि परत परत स्ट्रोक आलेल्यांमध्ये तिघांतल्या एकापेक्षा जास्त लोकांना. म्हणजे मेंदू वाचवायचं खरं औषध म्हणजे बीपीची गोळी न चुकवणं, शुगर, रक्त पातळ ठेवायची गोळी, तंबाखू मिश्री बंद. आमच्या गल्लीत एकांनी "आता बरं वाटतंय" म्हणून गोळ्या बंद केल्या आणि आठ महिन्यांत दुसरा अटॅक. तोंड वाकडं, हात गळाला, जीभ जड झाली की घरात मालिश करत बसायचं नाही, १०८ लावायचं, गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनला साडेचार तासांचीच मुदत असते.

स्कोअर खाली ओढणाऱ्या, पण बऱ्या होणाऱ्या गोष्टी

हे आधी तपासून घ्या, कारण इथे हातात काहीतरी आहे. बी-ट्वेल्व्ह, थायरॉइड, सोडियम. अण्णा माळकरी, आयुष्यभर शाकाहारी, बी-ट्वेल्व्ह एकदम तळाला निघालं. इंजेक्शनं सुरू केल्यावर त्यांची मरगळ बरीच कमी झाली. लघवीच्या, सर्दीच्या, झोपेच्या काही गोळ्यांनीही डोकं जड होतं, म्हणून सगळ्या गोळ्या पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ओता. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं असेल तर तेही सांगा.

मग नैराश्य. स्ट्रोकनंतर साधारण तिघांतल्या एकाला होतं. आपल्याकडे ते रडण्यात दिसतंच असं नाही, "आता काय उरलंय", "मला कशाला उठवता" असं म्हणत भिंतीकडे तोंड करून पडून राहतात आणि आपण म्हणतो आळशी झाले, प्रयत्नच करत नाहीत. उदास माणूस टेस्टमध्ये "माहीत नाही" म्हणून सोडून देतो, चुकीचं उत्तरही देत नाही. ह्यावर औषध आहे, घ्या. फक्त हे लक्षात ठेवा की नैराश्य नसताना नुसती सुधारणा व्हावी म्हणून फ्लुओक्सेटिन हे नैराश्याचं औषध द्यायचं का हे ब्रिटनमध्ये तीन हजारांवर पेशंटवर तपासलं गेलं, निकाल २०१८ चा, त्याने कामकाजात सुधारणा झाली नाही आणि हाडं मोडायचं प्रमाण मात्र वाढलं. आणि कारण नसताना अचानक रडू किंवा हसू फुटणं हा वेगळाच प्रकार, तो मेंदूच्या जखमेने होतो, पेशंटला स्वतःलाच त्याची लाज वाटते, त्यालाही औषध आहे.

मेंदूच्या टॉनिकच्या गोळ्यांबद्दल. सिटिकोलिन बहुतेक सगळ्यांच्या चिठ्ठीवर असतं. २०१२ मध्ये युरोपात २२९८ पेशंटवर ते तपासलं होतं, स्ट्रोकच्या पहिल्या दिवसापासून देऊन, आणि औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा जास्त फायदा दिसला नाही, म्हणजे दिखाऊ गोळी घेणारेही तेवढेच सुधारले. तुम्ही मनाने बंद करू नका, पण महिन्याचे पैसे पुरत नसतील तर "ह्यातलं कुठलं काढलं तर चालेल" असं डॉक्टरांना सरळ विचारा, कारण मी अशी घरं बघितलीत जिथे टॉनिक चालू आहे आणि बीपीची गोळी पैशाअभावी एक दिवसाआड. पारव्याचं रक्त चोळा असं सांगणारेही आमच्याकडे दोघं आले, आईने त्यांना चहा दिला आणि नको सांगितलं.

घरी काय करायचं

ज्या ओळीत मार्क गेले त्यावर काम. आमचं डाव्या बाजूचं होतं. आईने ताटाच्या डाव्या कडेला लाल रंगाची रिबन चिकटवली आणि जेवायला बसताना एकच वाक्य, "आधी लाल दिसू दे मग घास." टीव्ही, खुर्ची, गप्पा मारणारा माणूस हळूहळू डावीकडे आणले, म्हणजे मान वळवायची सवय लागते. पण पाण्याचा तांब्या, काठी, बोलवायची घंटी उजवीकडेच, तिथे शिकवण्या नकोत. वर्तमानपत्र वाचताना डाव्या समासावर लाल स्केचपेनची उभी रेघ, ओळ संपली की परत रेघेपर्यंत यायचं.

जे शाबूत आहे ते वापरा. अण्णांना पत्ते लावा, कोडी सोडवा म्हटलं तर चिडायचे, लहान पोरांचे खेळ आहेत म्हणायचे. मग मी जुन्या तिकिटांसारखी कागदाची तिकिटं केली आणि चिल्लर आणली, सातारा दोन पूर्ण एक हाफ, पाचशेची नोट, किती परत? नातू प्रवासी. आणि प्रवासी उभा डावीकडे. वीस मिनिटं झाली की थांबायचं, दमायच्या आधी.

विसरण्यासाठी एकच वही. चार नको, एकच, आणि ती एकाच जागी. वारांच्या कप्प्यांची गोळ्यांची डबी. भिंतीवरचं तिथीवालं कॅलेंडर, रोज सकाळी चहाआधी इंग्रजी तारीख मोठ्याने वाचून त्यावर फुली. सूचना एका वेळी एक, "आंघोळ करून कपडे घालून बाहेर या" ह्या तीन सूचना आहेत. बोलताना टीव्ही बंद. आणि "आठवत नाही का हो, आत्ताच सांगितलं ना" हे वाक्य घरातून काढून टाका, मी शंभर वेळा म्हटलंय आणि मला त्याचं वाईट वाटतं.

"मला काही झालेलं नाही" असं पेशंट म्हणत असेल तर तो खोटं बोलत नसतो, उजव्या मेंदूच्या स्ट्रोकमध्ये बऱ्याच जणांना आपल्याला काय जमत नाही हेच जाणवत नाही. म्हणून गॅसचं बटण, गच्चीचा जिना, स्कूटरची चावी ह्याची जबाबदारी तुमची. डावी बाजू चुकणाऱ्या माणसाने टू-व्हीलर चालवायची नाही, डॉक्टर लेखी सांगेपर्यंत नाही. मोबाईलवरच्या पैशांची मर्यादा कमी करून ठेवा.

सगळं घरच्यांनीच करायचं असंही नाही. भारतात १४ हॉस्पिटलांत १२५० पेशंटवर हे बघितलं गेलं की घरच्यांना शिकवून त्यांच्याकडूनच व्यायाम करून घेतला तर फरक पडतो का, २०१७ मध्ये निकाल आला, सहा महिन्यांनी नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. म्हणून पंधरा दिवसांतून एकदा का होईना थेरपिस्टला दाखवा, आणि ज्या घरात एकटी सून किंवा एकटी बायको सगळं ओढतेय तिने स्वतःला दोष देऊ नये.

कागदांचं

सही बदलली असेल तर बँकेत आधीच जाऊन बोला, अंगठ्याची सोय होते. पेन्शनवाल्यांनी हयातीचा दाखला वेळेत. कुलमुखत्यारपत्र करायचं तर माणसाला आपण काय करतोय ते कळत असताना केलेलंच चालतं, कळत नसेल तर वकिलाला विचारून कोर्टाचा रस्ता, घाईने अंगठा उठवू नका, पुढे भावंडांत भांडणं होतात. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात अफेजियाने कायमची गेलेली वाचासुद्धा धरलेली आहे, ४० टक्के किंवा त्याच्या वर असेल तर सवलती मिळतात, त्यासाठी टेस्टचे सगळे कागद तारखेसह जपून ठेवा.

दुसरी टेस्ट आमची सहा महिन्यांनी झाली, त्याच मॅडम, वेगळी आवृत्ती, सकाळची दहाची वेळ. २४ आले. चित्र घड्याळ १ वरून ३, तीनही प्राणी, तारीख बरोबर, शब्द ५ पैकी ३. आकडे होते तेवढेच, भाषा तेवढीच. घड्याळात ह्या वेळी ९ आणि १० डावीकडे गेले, ११ मात्र अजून १२ च्या पलीकडे उजवीकडे. काढून झाल्यावर पेन लगेच ठेवलं नाही, मान डावीकडे वळवून कागद बघत राहिले आणि म्हणाले, "इथं काहीतरी राहिलंय." मॅडमनी माझ्याकडे बघितलं. पुढची तारीख मार्गशीर्षातली मिळालीय, वहीत लिहून ठेवलीय, इंग्रजी तारखेसकट.